घाटातल्या ओढ्यांवरही पाण्याची मोजपट्टी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या ओढ्यांत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्याची बंदिस्त होडी, घेऊन उतरणाऱ्या तरुणांवर सरसकट बंदी घालावी, अशी मागणी करणारे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. पत्रलेखकांनी व्यक्त केलेली काळजी खरी आहे आणि तिचा मी अनादर करू इच्छित नाही. दरवर्षी जून ते सप्टेंबर या काळात धबधबे, बंधारे आणि ओढे यांत माणसे वाहून जातात, त्यांना शोधण्यासाठी गावकरी आणि बचाव पथके जीव धोक्यात घालतात, हे आपण सर्वच पाहतो. मात्र मी स्वतः अशा ओढ्यांत कयाक चालवतो आणि पेशाने स्थापत्य अभियंता आहे. या दोन्ही नात्यांनी मला असे ठामपणे वाटते की, बंदीने जो प्रश्न सुटेल असे त्यांना वाटते, तो प्रश्न मुळात पाण्याच्या पातळीविषयी माहिती नसण्याचा आहे आणि ती माहिती मिळवणे फारसे खर्चिक नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींशी या कयाकचा काही संबंध नाही. ओढ्यात चालवायची कयाक जाड पॉलिथिलीनची, साधारण अडीच मीटर लांबीची, दोन्ही टोके वर उचललेली आणि पोट फुगीर असलेली असते, जेणेकरून उंचावरून डोहात पडल्यावर ती खोल न जाता चटकन वर यावी. तिचे वजन वीस किलोच्या पुढे जाते. चालवणारा कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे कयाकचे तोंड झाकणारे आवरण, बांधून आत बसतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि कयाक उलटली तर बाहेर न पडता वल्हे व कंबर यांच्या जोरावर ती पुन्हा सरळ करतो. हेल्मेट, लाइफ जॅकेट, शिट्टी, थ्रो बॅग म्हणजे पिशवीत भरलेली तरंगणारी दोरी, अडकलेली कयाक ओढून काढण्यासाठी कप्प्या आणि कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्या, तुकड्यांत सुटणारे एक जादा वल्हे, हे सारे सोबत असते. तीनपेक्षा कमी माणसांनी अशा ओढ्यात उतरू नये, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे.

आता हे सारे ओझे पाठीवर घेऊन डोंगर का चढायचा, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर आपल्या जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळा या तालुक्यांच्या भूगोलात आहे. डांबरी रस्ता ओढ्याला भेटतो तो खाली, जिथे पाणी भातखाचरांजवळ येऊन पसरलेले असते, किंवा अगदी वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, जिथे ते अजून घोट्याएवढेच असते. मधला टप्पा, ज्यात पाणी एका कातळाच्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणि डोहातून डोहात उतरते, तो दोन सोंडांच्या मध्ये दडलेला असतो आणि तिथे धनगरवाड्यांच्या जुन्या पायवाटांशिवाय काही जात नाही. त्या वाटेने कयाक पाठीला पट्ट्यांनी बांधून, कारवीतून आणि करवंदीच्या जाळ्यांतून, शेवाळलेल्या दगडांवर पाय जपत, जळवा काढत काही तास चालावे लागते. वाटेत भेटणारी गावातली माणसे प्रथम हसतात, मग चौकशी करतात, आणि बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच सर्वांत उपयोगाची गोष्ट कळते: काल संध्याकाळी पाणी कुठपर्यंत आले होते, ते.

आपल्या ओढ्यांचा स्वभाव त्यांच्या खडकाने ठरवला आहे. दख्खनचा बसाल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला असल्यामुळे पाणी उतारावरून घसरत येण्याऐवजी टप्प्याटप्प्याने, उभ्या कड्यांवरून पडते; टप्प्यावर रांजणखळगे असतात आणि पायथ्याशी कोसळलेल्या चौकोनी शिळा. वरून पांढरा फेस दिसतो तिथे खाली डोह आहे की शिळा आहे, हे कयाकमध्ये बसून कळत नाही. म्हणून पाण्याची कडा जिथे नजरेआड होते त्याआधीच, एखाद्या मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात कयाक वळवून, काठावर उतरून, पुढचा टप्पा पायी जाऊन पाहायचा असतो. दगडांच्या फटींतून पाणी आत शिरत असेल, कातळ खालून पोखरलेला असेल किंवा झाड आडवे पडले असेल, तर कयाक खांद्यावर घेऊन तो टप्पा चालत ओलांडायचा असतो. चांगला कयाकपटू हा टप्पा मारणाऱ्यांपेक्षा टप्पा सोडणाऱ्यांत अधिक आढळतो, आणि या गोष्टीमुळे मला या खेळाविषयी सर्वाधिक आदर वाटतो.

परंतु पायी पाहण्याने खडक कळतो, पाणी पूर्णपणे कळत नाही. घळीत एकदा उतरल्यावर दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती असतात, मागे फिरणे शक्य नसते आणि मदत काही तासांच्या अंतरावर असते. खळाळत्या पाण्याची अवघडता एक ते सहा अशा वर्गांत मोजतात. तोच टप्पा दुर्गम जागी असेल तर तो एक वर्ग वरचा समजावा, असे शिकवले जाते. म्हणजे खरा निर्णय वाटेच्या सुरुवातीलाच, पाठीवर ओझे घेण्यापूर्वी घ्यायचा असतो आणि तो एकाच प्रश्नावर अवलंबून असतो: आज या ओढ्यात किती पाणी आहे आणि ते चढते आहे की उतरते आहे? सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घाटाच्या ओढ्यांपुरते बोलायचे, तर या प्रश्नाचे आकड्यात उत्तर सामान्य माणसाला मिळण्याची सोय माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत पावसाळ्यात रोज कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर येथील चोवीस तासांचा पाऊस छापून येतो. धरण किती भरले, सांडव्यावरून किती विसर्ग सुरू आहे, हे कळण्यासाठी तो आकडा उत्तम आहे. ओढ्यासाठी मात्र त्याचा उपयोग थोडाच. दोनशे मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडला तर ओढा भरून वाहील, पण ओळखीचा राहील. तोच पाऊस तीन तासांत पडला तर लोंढा येईल. एक ढोबळ हिशेब मांडतो. दहा चौरस किलोमीटर पाणलोट असलेल्या ओढ्यावर तासाभरात दहा मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी त्याच तासात वाहून आले, तर पन्नास हजार घनमीटर पाणी होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा घनमीटर, आपल्या नेहमीच्या भाषेत सुमारे पाचशे क्युसेक. तासाला तीस मिलिमीटर पडला तर दीड हजार क्युसेक. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असेल तर निम्म्यापेक्षा बरेच अधिक पाणी वाहून येते. आणि हा पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पडलाच पाहिजे असे नाही. वरच्या सड्यावर ढग अडकले की खाली ऊन असतानाही पाणी चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असेच अचानक वाढलेल्या पाण्यात. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळल्या. मोजपट्टीने दरड थांबत नाही, हे मी जाणतो. पण डोंगरात तासातासाला काय चालले आहे, हे खालच्या माणसाला कळण्याची गरज किती तीव्र आहे, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

सांगलीच्या वाचकांना मी जे मागतो आहे ते समजावून सांगण्याची गरजच नाही. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी हा तिथल्या प्रत्येक घराचा विषय आहे. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, ती उंची आजही लोक भिंतींवर दाखवतात. सामान हलवायचे का, जनावरे बाहेर काढायची का, वृद्धांना नातेवाइकांकडे पाठवायचे का, हे निर्णय लोक अंदाजाने नव्हे, त्या आकड्यावरून घेतात. त्याच कृष्णेला, वारणेला आणि कोयनेला पाणी पुरवणारे वरचे ओढे मात्र कोणत्याही आकड्याविना वाहतात आणि ते ओलांडणारी माणसे, म्हणजे शाळेला निघालेली मुले, रानातून परतणारे गुराखी, दवाखान्यात नेली जाणारी बाळंतीण, यांना आपल्या अंदाजावर विसंबून पाय टाकावा लागतो. कयाकपटूंची संख्या त्यांच्या तुलनेत नगण्य आहे. त्यांना जी माहिती हवी आहे तीच या साऱ्यांनाही हवी आहे, म्हणून मी हे पत्र लिहीत आहे.

हा खेळ जिथे रुजला तिथे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात किंग्ज नदीचा मधला फाटा आहे. १९८२ साली प्रसिद्ध गिर्यारोहक रॉयल रॉबिन्स, डग टॉम्पकिन्स, रेग लेक आणि न्यूसम होम्स यांनी आपल्या कयाक सुमारे ३,६५० मीटर उंचीच्या बिशप खिंडीवरून वाहून नेल्या आणि तो फाटा प्रथम उतरला. हातांच्या संधिवातामुळे रॉबिन्स यांना अवघड कडे चढणे सोडावे लागले होते आणि त्यानंतर ते कयाककडे वळले होते. खिंडीवरून कयाक नेण्याची ती वाट आजही कयाकपटू चालतात. तिथले पाणी वितळत्या बर्फाचे असते. रात्री गारठ्याने वितळणे मंदावते आणि दिवसा उन्हाने वाढते, त्यामुळे पाण्याचा चढउतार दररोज एका लयीत होतो. आपल्याकडे ती लय नाही, म्हणून आपल्याला मोजमापाची गरज त्यांच्याहून अधिक आहे. तरीही मोजमाप त्यांच्याकडे आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने पहिले प्रवाहमापन केंद्र १८८९ साली न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीवर उभारले, आज अशी हजारो केंद्रे आहेत आणि त्यांचे आकडे शेतकऱ्यापासून कयाकपटूपर्यंत सर्वांना खुले आहेत. तिथला कयाकपटू घरातून निघण्याआधी जवळच्या केंद्राचा आकडा पाहतो आणि तो मर्यादेबाहेर असेल तर घरीच राहतो.

इतके दूर जायचेही कारण नाही. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टिंग आणि कयाकिंग चालते, ते भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सुटण्याची वेळ ठाऊक असते, प्रमाणाचा अंदाज असतो, आणि म्हणूनच तिथे हा खेळ शिकवता येतो. केरळात कोझिकोड जिल्ह्यात कोडंचेरी परिसरातील पावसाळी नद्यांवर २०१३ पासून कयाकिंगचा महोत्सव भरतो, ज्यासाठी परदेशांतूनही खेळाडू येतात. तोही याच पश्चिम घाटाचा उतार आणि हाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. आपल्याकडे तसा महोत्सव भरवावा, असे मी मुळीच सुचवत नाही. आपले ओढे अधिक तीव्र उताराचे आहेत आणि गर्दी पेलण्याची त्यांची व त्यांच्याकाठच्या वाड्यांची क्षमता नाही. त्याच कारणाने मी या पत्रात कोणत्याही ओढ्याचे नाव लिहिलेले नाही.

माझी सूचना साधी आहे. ओढ्यांवर ठिकठिकाणी लोखंडी साकव आणि लहान पूल आहेत. त्यांच्या खांबांवर, आणि साकव नसेल तिथे काठाच्या पक्क्या कातळावर, दर दहा सेंटिमीटरला खूण असलेली पट्टी टिकाऊ रंगाने रंगवावी. पहिला एक पावसाळा केवळ निरीक्षण करावे आणि गावातील जाणत्यांना विचारून, कोणत्या खुणेला ओढा पायी ओलांडणे बंद होते, कोणत्या खुणेला साकवाला धोका होतो, हे ठरवून मग त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा काढावा. रात्रीतून येऊन गेलेल्या लोंढ्याची उंची कळावी यासाठी पट्टीशेजारी छिद्रे पाडलेला एक उभा पाइप बसवावा, ज्यात एक काठी आणि थोडा बुचाचा भुसा असतो; पाणी चढते तसा भुसा तरंगत वर जातो आणि पाणी ओसरताना सर्वोच्च पातळीवर काठीला चिकटून राहतो. या साधनाला वीज लागत नाही, मोबाइलची रेंज लागत नाही आणि चोरून नेण्यासारखे त्यात काही नाही. प्रवाहाचा वेग काढायचा तर ठराविक अंतर तरंगती वस्तू सोडून वेळ मोजावी आणि पृष्ठभागाच्या वेगाला ०.८५ ने गुणावे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांतील विद्यार्थीही हे करू शकतात. मोठ्या पुरानंतर तळाचे गोटे हलतात आणि पात्र बदलते, त्यामुळे हे मोजमाप दरवर्षी पुन्हा करावे लागेल, एवढी एक अट मात्र आहे.

पट्टी वाचायची कोणी? ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक किंवा पोलीस पाटील यांपैकी जो जवळ असेल त्याने सकाळ-संध्याकाळ वाचून खोऱ्याच्या व्हॉट्सॲप गटावर आणि तहसील कार्यालयात कळवावी. याच्या जोडीला स्वयंचलित केंद्रांवर नोंदला जाणारा पाऊस तासागणिक, खोऱ्यानुसार, मराठीत लोकांपुढे यावा, आणि आपल्यासारख्या दैनिकांनी चोवीस तासांच्या आकड्याशेजारी दिवसातील सर्वाधिक तासाचा पाऊसही छापावा. पन्नास मिलिमीटर पाऊस एका तासात पडला, हे वाचल्यावर त्या दिवशी ओढ्यात का जायचे नाही, हे कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट नमूद करणे मला अगत्याचे वाटते, कारण ती कयाकिंगपुरती नाही. लोकांना भीती वाटते ती उंच धबधब्याची. जाणकार कयाकपटू अधिक घाबरतो तो जेमतेम दीड मीटर उंचीच्या, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ असलेल्या बंधाऱ्याला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत आणि वाड्यांजवळ लहान सिमेंट बंधारे तर पुष्कळ आहेत. पाणी त्यांच्यावरून सारखे ओघळते तेव्हा पायथ्याशी ते गोल फिरून पुन्हा भिंतीकडे येते. त्यात सापडलेली कयाक, ओंडका किंवा माणूस बाहेर फेकला जात नाही, तिथेच फिरत राहतो. नैसर्गिक धबधब्यात कुठेतरी वाट फुटलेली असते, सरळ भिंतीला ती नसते. वरून दिसायला हे पाणी शांत असते, म्हणूनच पोहणारी मुले त्यात उतरतात. तसेच, गुडघ्याच्या वर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दोन दगडांत पाय अडकला की पाणी माणसाला पुढे वाकवते आणि मग पोहता येण्याचा उपयोग होत नाही. पाण्यात पडल्यास पाठीवर तरंगून, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवून, काठाच्या संथ पाण्याकडे सरकावे. मोजपट्टीच्या शेजारी या दोन-तीन सूचना चित्रांसह रंगवल्या, तर त्या पट्टीचा उपयोग दुप्पट होईल.

बंदीविषयी माझी भूमिका स्पष्ट करतो. गर्दीचे धबधबे अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी बंद ठेवण्याचे आदेश प्रशासन काढते, ते योग्यच आहेत आणि आम्ही कोणीही अशा दिवशी पाण्यात जात नाही. आमचा हंगाम पाऊस ओसरू लागल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास, पाणी उतरणीला लागले की सुरू होतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे; त्याच्या हद्दीतले ओढे कितीही मोहक असले तरी परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकणे गुन्हा आहे आणि तो गुन्हा मानला जावा, असेच माझे मत आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून व्यावसायिक आयोजकांना नोंदणी व सुरक्षेचे निकष घालून दिले आहेत. पैसे घेऊन अननुभवी माणसांना ओढ्यात उतरवणाऱ्यांवर त्या धोरणानुसार कठोर कारवाई व्हावी. मात्र नियम पाळणाऱ्या, प्रशिक्षित, लहान गटांनाही एकाच आदेशाने गुन्हेगार ठरवले, तर ते कोणालाही न सांगता जाऊ लागतील, गावात नोंद ठेवणार नाहीत, आणि काही घडलेच तर शोध कुठून सुरू करायचा हेही कोणाला कळणार नाही. आज आम्ही निघताना पोलीस पाटलांकडे नावे, मार्ग आणि परतण्याची वेळ लिहून देतो. ही पद्धत बंद पडू नये.

प्रवाहात दोर टाकण्याचे, अडकलेल्याला सोडवण्याचे कौशल्य आपल्या भागात वाढायला हवे, यासाठीही मी आग्रही आहे. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा महाबळेश्वर परिसरातील गिर्यारोहक दोर घेऊन खाली उतरले. डोंगराच्या बाबतीत अशी तयारी आपल्याकडे आहे. वाहत्या पाण्याच्या बाबतीत ती फार थोडी आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून घेणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली, त्या दिवसाचे दुःख सांगली जिल्हा विसरलेला नाही. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होतात, तिथे उत्तम वल्हेकरी आहेत. त्यांना आणि घाटातल्या तरुणांना एकत्र आणून प्रवाहातील बचावाचे प्रशिक्षण दिले, तर प्रत्येक पुरात त्याचा उपयोग होईल.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने या सूचनेचा विचार करावा, ही विनंती मी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करीत आहे. पट्ट्या बसवण्यासाठी ओढ्यांत पाणी कमी असतानाचे, म्हणजे मार्च ते मे हे महिने योग्य ठरतील. प्रत्येक खोऱ्यात प्रथम एकच, शाळेच्या वाटेवरचा साकव निवडावा. पात्राचे छेद घेणे, अवघड कातळांवर दोराने उतरून पट्टी रंगवणे आणि पहिल्या पावसाळ्यातील नोंदींचे तक्ते तयार करणे, ही कामे मी आणि माझे सहकारी विनामोबदला करण्यास तयार आहोत. रंग, पाइप आणि परवानगी प्रशासनाने द्यावी. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. संबंधितांनी विचारल्यास तो अवश्य द्यावा.

आपला नम्र,
एक कयाकपटू वाचक, सातारा